मुराळी सायकलवर आला

डॉक्टरांनी साखर वाढल्याचं सांगितलं आणि त्या दिवसापासून माझ्याच घरात माझं काही चालेनासं झालं. चहा बिनसाखरेचा, भात वाटीभर, आणि आंब्याच्या दिवसांत मला शेजारच्या खोलीत पाठवून बाकीच्यांनी आंबे खायचे. कचेरीत साहेबाचं ऐकायचं, घरी बायकोचं. मधल्या वेळात मोबाइल मोजत असलेल्या पावलांचं. बावन्नाव्या वर्षी माणसाला आपल्या मर्जीनं साधं एक केळंही खाता येऊ नये, आणि तेही माझं मूळ गाव केळीच्या अर्धापूरकडचं असताना, याचा मला मनस्वी राग येत असे.

व्यायाम म्हणून गिअरची सायकल घेतली. नांदेडच्या सायकलवाल्यांच्या एका गटात शिरलो. तिथं वेगळाच जाच. दर रविवारी तोच रस्ता, तोच चहा, तेच फोटो, आणि ती अंगाला चिकटणारी काळी आखूड चड्डी. ती घातल्याशिवाय म्हणे खरी सायकल चालत नाही. शेवटी दिवाळीनंतरच्या एका रविवारी मी गटाला सर्दी झाल्याचं कळवलं, घरी "बेटावर जाऊन येतो, दुपारी जेवायला आलोच" असं सांगितलं आणि सवयीनं तीच चड्डी चढवून पहाटेच कंधारकडच्या रस्त्याला लागलो. एकटा. कुणी पुढं नाही, कुणी मागं नाही.

बेटाचं मला कचेरीतल्या शिपायानं सांगितलं होतं. धरण झालं तेव्हा एक गाव उठलं, पण गावाबाहेरच्या टेकडीवरची दहा-बारा घरं शेती सोडून हलली नाहीत. धरण भरलं की टेकडीचं बेट होतं. उन्हाळ्यापर्यंत तिथं ना मोटार जाते, ना मोटारसायकल. हॉर्नचा आवाज नाही असं एक ठिकाण आपल्या जिल्ह्यात आहे, एवढंच मला पुरे होतं.

मुख्य रस्ता सोडून धरणाकडं वळायचं तिथं फाट्यावर पाटी आहे. एका बाजूला धरणावरचं गाव, दुसऱ्या बाजूला जळकोट. जळकोटला माझी एकुलती एक बहीण दिलेली आहे. चार वर्षं आमचं बोलणं नव्हतं. माझ्या मुलीच्या लग्नात गडबड इतकी होती की मी बहिणीला पत्रिका मोबाइलवर पाठवून दिली. भावानं अक्षता घेऊन दारात यायचं असतं, असं म्हणून ती लग्नालाच आली नाही. आजच्या काळात अक्षता घेऊन दारोदार कोण हिंडतं, असं माझं म्हणणं. सख्ख्या भाचीच्या लग्नाला न येणारीनं आधी फोन करावा, असंही माझं म्हणणं. त्या पाटीकडं मी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं आणि धरणाकडं वळलो.

पलीकडं न्यायला नाव नव्हती. होती ती काहिल. गुऱ्हाळावर उसाचा रस आटवतात ती लोखंडाची भलीमोठी कढई. एक माणूस फळीच्या तुकड्यानं ती वल्हवत होता. मध्ये माझी सायकल उभी धरून मी बसलो. पाणी काठाला चार बोटांवर. काहिल गोल असल्यामुळं तिला स्वतःला कुठं जायचंय हे ठाऊकच नव्हतं, ती फिरत फिरत निघाली. मी डोळे मिटून घेतले.

बेट मात्र खरंच छान निघालं. तुरीला फुलोरा आला होता, ज्वारी गुडघ्याच्या वर होती. मातीच्या पायवाटेनं मी सायकलवरून बेटाला एक चक्कर मारली. वीस मिनिटांत बेट संपलं. दुसरी चक्कर मारली. तिसऱ्या चकरेला मला कळलं की इथं फिरायचं म्हणजे गोल गोलच फिरायचं. परत काठावर आलो तर काहिल पलीकडं निघून गेलेली. त्या दिवशी पलीकडच्या गावचा बाजार होता. बेटावरची बहुतेक माणसं काहिलीतून बाजाराला गेली होती आणि ती परतल्याशिवाय काहिल येणार नव्हती. फोनला रेंज नव्हती. तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते.

हे मला सांगितलं काठावर धुणं धूत असलेल्या एका पोरीनं. तेविसेक वर्षांची असेल. तिनं विचारलं, "कुठले तुम्ही, दादा?"

"नांदेडचा. मूळचा अर्धापूरकडचा."

तिचा हात थांबला. मी गावाचं नाव सांगितलं. तिचं माहेर तिथून दोन कोसांवर. मग ती हातातलं पातळ तसंच सोडून उभी राहिली आणि एकदम बोलायलाच लागली. आईला श्रावणात लकवा मारला. उजवी बाजू गेली. पंचमीला जायचं होतं, गेली नाही. दिवाळी गेली. फोनवर आईला बोलता येत नाही, नुसता आवाज येतो. "तेवढं ऐकून रडून राहिले इथं," ती म्हणाली.

"मग जात का नाहीस? फोन आहे, एसटी आहे."

ज्यानं सायकलवरून तीन चकरा मारल्या त्याला हे समजावं तरी कसं, असा तिचा चेहरा होता.

लेक माहेरी जायची तर माहेरचा माणूस न्यायला यावा लागतो. त्याला मुराळी म्हणतात, हे मला ठाऊक होतं. पण अजूनही कुणी त्यावाचून अडून बसतं, हे ठाऊक नव्हतं. तिच्या लग्नात सासऱ्याच्या थोरल्या भावाला फेटा बांधायचा राहून गेला. सासऱ्यानं बोल लावला. तिचा भाऊ तापट, म्हणाला फेट्यानं काय पोट भरतं का? झालं. आता भाऊ म्हणतो त्या दारात पाय ठेवणार नाही. सासरा म्हणतो न्यायला कुणी आलं नाही तर आम्ही सून आपल्या पायानं धाडायची का? नवरा पुण्याकडं कंपनीत, तो बापाच्या शब्दाबाहेर नाही. दोघांच्या हट्टापायी ही चहूकडून पाण्यात. पिशवी भरून ठेवल्याला तीन महिने झाले होते.

"चला, घरी पाणी प्या," ती म्हणाली. चालता चालता थोडं थांबून तिनं विचारलं, "घरी इचारलं तर काय सांगताल?"

"फिरायला आलो म्हणून सांगेन."

"इथं कोण फिरायला येतंय, दादा?"

घराच्या ओट्यावर सासू शेंगा फोडत बसली होती. बाई भली वाटली. तिनं आधी माझ्या चड्डीकडं पाहिलं, मग चटकन दुसरीकडं. मी पाठीवरची पिशवी काढून मांडीवर घेतली. सून म्हणाली, "आत्या, आमच्याकडचे हायत. अर्धापूरचे."

सासूच्या हातातली शेंग तशीच राहिली. "पोरीला न्यायला आलाव का?"

सासूच्या मागं ती पोरगी तांब्या घेऊन उभी होती. तिनं मान हलवली नाही, डोळ्यांनी खूण केली नाही. नुसतं पाहत राहिली. नाही म्हणायला मला एक शब्द पुरला असता. मी तो बोललो नाही. तांब्या घेतला आणि घटाघटा पाणी प्यायलो.

"आला म्हणायचा एकदाचा मुराळी!" सासू म्हणाली आणि लगबगीनं उठली. एका घटकेत दोन्ही बाजूच्या घरांतल्या बायका डोकावून गेल्या. पुरण शिजायला लागलं. मी ओट्यावर मांडीवर पिशवी धरून बसलेला. उठावं तर चड्डी, जावं तर पाणी. उभ्या जन्मात इतका कोंडल्यासारखा मी झालो नव्हतो, आणि यातलं मला कुणीही बांधलेलं नव्हतं. खोटं मी केलं होतं, तेही तोंड न उघडता. सासरा बाजाराहून आला की काय होईल? माझी फजिती होईल ती होईल. पण या पोरीचं काय होईल? खोटा माणूस आणून उभा केला म्हणून हिची उरलीसुरली वाटही बंद होईल. दोनदा तिला बाजूला बोलावून सांगावं वाटलं, की बाई, मला यातून सोडव. दोन्ही वेळा ती चुलीपाशी भराभरा पोळ्या लाटत होती आणि तिच्या चेहऱ्यावर आलेली तरतरी बघून मला बोलवेना.

पुरणपोळी वाढली. साखरेचं कुणाला सांगणार? मुराळी जेवला नाही तर बोलणंच मोडलं. तीन पोळ्या खाल्ल्या. खोटं कशाला बोलू, त्या तीन पोळ्या मला त्या अवस्थेतही गोड लागल्या.

तीनच्या सुमाराला सासरा आला. उंच, वाळकुडा म्हातारा. काठावरच त्याला बातमी लागली असावी. त्यानं बाजाराची पिशवी खाली ठेवली, हातपाय धुतले आणि माझ्यासमोर बसला. बराच वेळ माझ्या सायकलकडं पाहिलं.

"ह्याच्यावर आलाव?"

"हो, काका."

"मागं बसायला काईच न्हाई."

"नाही."

"मग नेताल कशी तिला?"

"फाट्यापर्यंत चालत. पुढं एसटीनं."

त्यानं मान डोलावली. तंबाखू मळली. आत भांड्यांचा आवाज येत होता. "तिच्या भावाला लेकरं किती आता?" त्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं.

भांड्यांचा आवाज थांबला. काहीतरी बोलणं भाग होतं. "दोन," मी म्हणालो.

म्हाताऱ्यानं तंबाखूची चिमूट तोंडात टाकली. "लगीन न्हाई झालं अजून त्याचं."

जमिनीनं गिळावं असं आपण म्हणतो, पण बेटावर तेवढी जमीनही पाण्यानं ठेवलेली नव्हती. सासू दारात येऊन उभी राहिली होती, तिच्या डोळ्यांत भीतीच होती. मी खरं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात म्हातारा उठला आणि घरात पाहून म्हणाला, "टावेल-टोपी आन. पाव्हण्याला मोकळ्या हातानं लावून देता का?"

मला पाटावर बसवून कुंकू लावलं. डोक्यावर पांढरी टोपी आली, हातात टॉवेल आला. सायकलच्या आखूड चड्डीवर मानाची टोपी घातलेला मुराळी त्या बेटानं पहिल्यांदाच पाहिला असेल. टॉवेल मी तिथंच कमरेला गुंडाळला. सासूनं सुनेची ओटी भरली, धपाट्यांची शिदोरी बांधली. आजूबाजूच्या सगळ्या बायका काठापर्यंत पोचवायला आल्या.

काहिल लागत होती तेव्हा म्हातारा मला जरा बाजूला घेऊन गेला. मी म्हणालो, "काका, मी खरं तर..."

"ठाव हाय," तो म्हणाला. "दारात बसलेला बघताच वळखलं. तिच्या भावाकडचा मानूस असा गप बसून ऱ्हात न्हाई." मग पाण्याकडं पाहत म्हणाला, "पन लोकांनी बघितलं, दारात मुराळी आला. बास झालं. मलाबी लई दिवस झाले वाट बघून. माझ्या तोंडानं जा म्हनता येत नव्हतं."

एवढं बोलून तो माघारी वळला. सून पाया पडायला वाकली तर तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "आईला बरं वाटस्तर ऱ्हा."

काहिलीत मी, ती, सायकल आणि तिची पिशवी. ती काठाकडं पाठ करून बसली आणि पाणी संपेपर्यंत हुंदके देत राहिली. पलीकडं उतरल्यावर पिशवी हँडलला अडकवून आम्ही फाट्यापर्यंत चालत आलो. मी म्हणालो, नांदेडपर्यंत येतो, अर्धापूरच्या गाडीत बसवून देतो, सायकल इथं कुणाकडं तरी ठेवू. ती हसली. दिवसभरात पहिल्यांदाच.

"वाट मला ठावच हाय, दादा. शंभर बारी गेले-आले. फकस्त निघायला मानूस लागत हुता."

एसटी आली. ती चढली. खिडकीतून तिनं हात केला आणि गाडी गेली.

मी पाटीखाली उभा राहिलो. फोनला रेंज आली होती. बायकोचे सात फोन येऊन गेले होते. ते मी तसेच ठेवले आणि जळकोटचा नंबर लावला. चार वर्षांत तो मी पुसला नव्हता, हे मला तेव्हा लक्षात आलं. वाटलं होतं की ती फोन उचलणार नाही. पहिल्याच घंटीला उचलला.

"मी बोलतोय," एवढंच म्हणालो.

पलीकडून तिचा आवाज आला. थोडा म्हातारा झालेला. "कुठून बोलून राहिलास?"

"फाट्यावरून. धरणाच्या."

"म्हंजे इथं येऊन ठेपलास."

"हो."

"मग फोन कामून केलास?" ती म्हणाली. "दार ठाव हाय की तुला."

फोन ठेवला तिनं. ऊन उतरायला लागलं होतं आणि जळकोट अजून दीड तासाच्या वाटेवर होतं. पायात गोळे आले होते, पोटात तीन पुरणपोळ्या होत्या. मी टोपी नीट केली, टॉवेल कमरेला घट्ट बांधला आणि सायकल जळकोटच्या बाजूला वळवली.