चैत्रातलं नको

शिवकांताला मूल होत नाही, असं गावाने परस्पर ठरवून टाकलं होतं. होत नाही आणि होऊ दिलं जात नाही, यातला फरक गावाला समजावणार कोण? समजावायचा तर तिच्या सासूने, सिद्धम्माने. आणि सिद्धम्मा तर दारात बसून कुणी हा विषय काढला की हातातलं सूप आपटून उठायची.

घर लिंगायताचं, चाकूरच्या शिवारापलीकडच्या एका खेड्यातलं. घरात माणसं दोनच, सासू आणि सून. नवरा वीरभद्र नांदेडला गिरणीत होता. शेत कोरडवाहू, त्याच्यावर भागत नाही म्हणून लग्नाआधीपासूनच तो तिकडे. वर्षातून दोनदा घरी यायचा, एकदा मृगात पेरणीच्या रजेवर आणि एकदा दिवाळीला. पण दिवाळीला तो यायचा तेव्हा शिवकांता घरात नसायची. भाऊबीजेसाठी देवणीकडून तिचा भाऊ चंद्रप्पा न्यायला यायचा, आणि वर्षभर राब राब राबलेली ती पोर बैलगाडीत बसल्या बसल्या पेंगायला लागायची. माहेरी आई नव्हती, पण भावजय भली होती. "झोपा वन्स," म्हणायची आणि पोरांना अंगणात हाकलायची. शिवकांता झोपायची. त्या चार दिवसांच्या झोपेवर तिचं वर्ष निघायचं.

म्हणजे नवरा-बायकोची गाठ पडायची ती मृगातच. आणि मृगात राहिलेलं मूल, बोटं मोजली की येतं ते चैत्राच्या तोंडाला, जेव्हा त्या गावच्या विहिरीत पोहरा सोडला तर तो नुसता दगडावर खडखडतो.

पहिलं मूल असंच आलं, त्यातून बहात्तरचा दुष्काळ. त्या साली पाऊस आलाच नाही. वीरभद्र ढगांकडे बघत रजा वाढवत राहिला आणि न पेरताच परत गेला. पुढच्या चैत्रात शिवकांता बाळंत झाली तेव्हा गावातली निम्मी घरं कुलपं लावून दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली होती. पहिलं बाळंतपण खरं तर माहेरी व्हायचं, पण सिद्धम्मा अडून बसली. "तिथं तिला आई न्हाई. भावजयीच्या अंगावर टाकू का? मीच करते समदं."

आणि केलंही. बाळंतिणीला सव्वा महिना कढत पाण्याची आंघोळ पाहिजे म्हणजे पाहिजे. प्यायला पाणी नव्हतं, तरी सिद्धम्मा पहाटे उठून ओढ्यात जाऊन बसायची. कोरड्या वाळूत खड्डा उकरायचा, त्यात थेंब थेंब पाझरेल ते वाटीनं घागरीत भरायचं. उकरून उकरून तिची नखं उलली होती, गुडघे सोलले होते. त्याच पाण्याने सुनेची आंघोळ, त्याच पाण्यात नातवाची घुटी.

पोराला हगवण लागली. लिंगायतांच्या गुरूने, जंगमाने, येऊन बाळाला लिंग बांधलं होतं, नाव ठेवायचं तेवढं राहिलं होतं. ते राहूनच गेलं.

"चैत्रानं खाल्लं माझं लेकरू," सिद्धम्मा म्हणाली, आणि पुढे वर्षानुवर्षं तेच म्हणत राहिली. शिवकांता भिंतीकडे तोंड करून पडली. उठून बसायलाही तिच्या अंगात त्राण नव्हतं.

दोन-तीन वर्षांनी पुन्हा दिवस राहिले, तेही मृगातलेच. ते पोट माघात पडलं, डोक्यावर घागर असताना, घर दिसायला लागलं होतं तेव्हा. त्या दिवसापासून सिद्धम्माने कायदा केला. चैत्रातलं नको.

सिद्धम्माच्या गोठ्यात एक देवणी जातीची गाय होती. तिला वळूकडे कधी न्यायचं हे ती अशा बेताने ठरवायची की वासरू जन्मायचं ते रान हिरवंगार असताना. आजूबाजूचे लोक तिला विचारून आपल्या गाई न्यायचे. "गाईचं जमतं, मंग बाईचं कामून जमू नये?" असं तिचं म्हणणं. हिशेब चोख होता. फरक एवढाच की गाईचा वळू गावातच होता आणि सुनेचा नवरा नांदेडला.

मग मृग आला की सिद्धम्मा सुनेचं अंथरूण आपल्या अंथरुणाला लावून घालायची आणि लेकाला म्हणायची, "तू आखाड्यावर नीज बाबा. रानडुकरं येऊन राहिलीत." वीरभद्र आईपुढे मान वर न करणारा. कांबळं खांद्यावर टाकून शेतातल्या खोपटाकडे निघायचा. बरं, दिवाळीला भेटू द्यावं, तर दिवाळीचं मूल येतं आषाढ-श्रावणात, आणि तेव्हा ओढ्याला पूर असतो. सुईण पलीकडच्या काठावर आणि बाळंतीण अलीकडे, असं एकदा सिद्धम्माने डोळ्यांनी बघितलं होतं. तेही नको. आणि खरं सांगायचं तर दिवाळीची झोप सोडायला शिवकांताही तयार नव्हती. तिला मूल पाहिजे होतं आणि झोपही पाहिजे होती. हे कुणाला विचित्र वाटत असेल तर त्याने एक वर्ष त्या विहिरीवरून पाणी आणून बघावं.

अशी वर्षं गेली. गाय दरसाल वेळेवर व्यायली. शिवकांताच्या केसांत एक-दोन पांढरे दिसायला लागले.

एक्क्याऐंशीच्या मृगाआधी शेजारची सुमनबाई येऊन बसली. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाली, "सिद्धम्मा, माझ्या भावाची पोरगी हाय. कामाला वाघीण. वीरभद्राला दुसरी केली तर शिवकांतालाबी सोबत व्हईल." सिद्धम्माने सूप आपटलं. सुमनबाई पदर झटकून गेली. आत चुलीपाशी बसलेल्या शिवकांताने सगळं ऐकलं होतं.

रात्री भाकरी थापता थापता ती म्हणाली, "आत्या, ह्या मृगात मी आखाड्यावर जाते. चैत्र तर चैत्र."

सिद्धम्माने हातातला घास ताटात ठेवला. "न्हाई गं. तेवढं न्हाई. मी पाया पडते तुज्या."

सासू सुनेच्या पाया पडायची भाषा करते, हे ऐकून शिवकांता घाबरलीच. पण आता मागे सरायचं तिच्या जिवावर आलं होतं. "मंग कवा? मी म्हातारी झाल्यावर? एक जन्मून गेलं ते इसरून लोक मला वांझ म्हनून राहिलेत. तुमाला ऐकू येत न्हाई का?"

"येतं. समदं ऐकू येतं." सिद्धम्मा ताट बाजूला सारून बसली. मग बोटं मोजायला लागली. "माघात पोट राहिलं तर कार्तिकात हाती येतं. विहीर भरलेली आसती. ओढा उतरलेला आसतो. माघात."

"माघात ते नांदेडात आसतेत."

"मंग आपुन नांदेडला जाऊ."

गावाला सांगितलं, म्हातारीचे डोळे दाखवायचेत. माघात दोघी एसटीत बसल्या, अहमदपूर, लोहा करत नांदेडला उतरल्या. रात्री निजायची सोय कमलम्माकडे, सिद्धम्माच्या लांबच्या बहिणीकडे होती. तिथे घर एवढंसं आणि माणसं उदंड. वीरभद्राच्या खोलीत तर त्याच्यासकट पाच गिरणी कामगार राहायचे. सगळ्यांची त्या आठवड्यात रात्रपाळी होती.

सकाळी पाळी सुटून पाचही जण खोलीवर आले तर दारात सिद्धम्मा उभी, मागे शिवकांता.

"पोरांनो, मला नांदेड दाखवा," सिद्धम्मा म्हणाली.

"आत्ता, मावशी?" चाकूरकडचाच निवृत्ती त्यांच्यात होता, त्याचे डोळे झोपेने मिटत होते.

"आत्ताच. म्हाताऱ्या मानसाचा काय भरवसा?"

चौघांनी एकमेकांकडे बघितलं, मग वीरभद्राकडे बघितलं, आणि मुकाट्याने चपला घातल्या. शिवकांता लाजेने अर्धी झाली. गल्लीच्या टोकापर्यंत सासूचा आवाज ऐकू येत होता, गुरुद्वारा कुठं हाय, गंगा किती लांब हाय.

वीरभद्राने दार लोटलं. त्याच्या केसांत, भुवयांत कापसाचे तंतू अडकले होते. ती ते एक एक करून काढू लागली. इतक्या वर्षांनी भर दिवसा ती नवऱ्याच्या एवढं जवळ बसली होती.

"झोप आलीय?" तिने विचारलं.

"हाव."

"मलाबी."

आणि पहिल्या दिवशी दोघं नुसते झोपले. दिवस कलता कलता सिद्धम्मा चौघांना घेऊन परतली, सुनेचा टवटवीत चेहरा बघितला आणि समाधानाने पदर सारखा केला. तिचा गैरसमज कुणी दूर केला नाही.

दुसऱ्या दिवसापासून मात्र गोष्टी व्हायच्या तशा झाल्या. आठवडाभर चौघं बिचारे म्हातारीला नांदेड दाखवत होते. शेवटी दाखवायला काही उरलं नाही तेव्हा पुन्हा पहिल्यापासून दाखवायला लागले. कुणी चेष्टा केली नाही, कुणी डोळा घातला नाही. थकलेल्या माणसांची जात एकच असते, त्यांना थकलेल्यांचं कळतं.

निघायच्या दिवशी बसस्टँडवर निवृत्ती सोडायला आला होता. सिद्धम्मा बोचक्यावरून कंडक्टरशी भांडत होती, तेवढ्यात तो शिवकांताला हळूच म्हणाला, "वैनी, मावशीनं नांदेड काय बघितलं न्हाई. रोज गोदावरीच्या घाटावरच बसायच्या. गंगेकडं बघून रडायच्या. म्हनायच्या, एवढं पानी हितं व्हतं, आन् मी वाटीनं भरून राहिले व्हते."

शिवकांताच्या पोटात बऱ्याच वर्षांचा एक राग होता. कुणाला न सांगितलेला. बस लोह्याला पोचेपर्यंत ती शेजारी डुलक्या घेणाऱ्या सासूचे हात बघत होती. त्या हातांची नखं नंतर कधी सरळ आलीच नव्हती.

दिवस राहिले. उन्हाळा निघाला, कसा निघाला ते तिचं तिला माहीत. घागर मात्र सिद्धम्माने तिच्या डोक्यावर चढू दिली नाही. म्हातारी स्वतः वाकत, थांबत, दम खात पाणी आणायची. पावसाळ्यात उस्मानाबाद जिल्ह्याचे दोन भाग होऊन लातूर जिल्हा झाला. चावडीवर गुलाल उधळला, पेढे वाटले. सुमनबाई आता लाडात येऊन म्हणाली, "शिवकांता, तुजं लेकरू नव्या जिल्ह्याचं बरं का!" शिवकांताच्या मनात आलं, पहिला जुन्या जिल्ह्यात पुरला आहे. विहीर तेवढी तीच होती.

कार्तिकाची वाट बघत सिद्धम्माने लाकडं फोडून ठेवली, डिंक आणून ठेवला. आणि कोजागरीच्या आसपास, अजून अश्विनच चालू असताना, शिवकांताच्या पोटात कळा सुरू झाल्या. सिद्धम्मा पुन्हा बोटं मोजायला लागली. "कार्तिक लागला न्हाई गं अजून! एक म्हैना आधी! आता कसं जगायचं ते लेकरू?"

सुईण सरजाबाई चुलीवर पाणी ठेवत होती. तिने मागे वळूनही बघितलं नाही. "आवो, औंदा मधी धोंड्याचा म्हैना न्हाई का पडला? तो मोजलाच न्हाई तुमी. पोटातल्या लेकराला धोंडा कोन शिकवनार?"

कळांच्या मधेच शिवकांताला हसू फुटलं. एवढी वर्षं निवडून निवडून ठेवलेला महिना, आणि शेवटी तोही हुकला! मुलगी झाली. चांगली भरल्या अंगाची, रडून घर डोक्यावर घेणारी. आणि विहीर काठोकाठ भरलेली होती.

पाचवी झाली. पाणी विहिरीतून सुमनबाईची पोरं ओढून आणायची. सिद्धम्मा ते उकळायची, धुतलेल्या धोतराच्या चार पदरांतून गाळायची, पुन्हा उकळायची. एवढं पाणी उकळून जळण संपेल, असं कुणी म्हटलं तर त्याच्यावर डोळे वटारायची. मग एका सकाळी नातीच्या घुटीसाठी तिने सहाण धुऊन आणली, शेजारी वेखंड, हळकुंड, मुरडशेंग मांडली, वाटीत कोमट पाणी ओतलं. आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिली.

शिवकांता बाजेवरून बघत होती.

थोड्या वेळाने सिद्धम्माने सहाण बाजेकडे सरकवली. "तूच उगाळ."

"बाळंतिनीनं कुटं उगाळायचं आसतं, आत्या?"

"माज्या हातानं नको." तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "चैत्रानं न्हवतं खाल्लं गं. पानी मी आनलं व्हतं."

शिवकांताला पहिल्या पोराच्या घुटीची सकाळ आठवली. वाटीतलं पाणी गढूळ होतं, तळाशी हिरवट काहीतरी हलत होतं. नको म्हणायचं तिच्या ओठावर आलं होतं. पण वाटी धरणाऱ्या बोटांची नखं उललेली होती, त्यांतून रक्त आलेलं होतं, आणि ती गप्प बसली होती. तो राग सासूवर किती आणि स्वतःवर किती, हे तिला कधी वेगळं करता आलं नाही.

"मला ठावं हाय," ती म्हणाली.

"कवापासून?"

"तवापासून."

सिद्धम्माने तोंडाला पदर लावला. मुलगी कुशीत चुळबुळली. शिवकांताने तिला पाजलं, थोपटलं, मग हात लांब करून सहाण उचलली. दगड जड होता, ओल्या अंगाला तो पेलवेना. दोन्ही हातांनी तिने तो सासूच्या पुढ्यात परत ठेवला.

"उगाळा. ती तुमची नात हाय. मला लई झोप येऊन राहिली, आता मला उठवू नका."

आणि ती भिंतीकडे तोंड करून पडली. पाठीमागे वाटी सरकल्याचा आवाज आला. मग सहाणेवर वेखंड फिरायला लागलं, सावकाश, मधे थांबून, पुन्हा. आपण जागं राहून लक्ष ठेवायचं, असं शिवकांताने कित्येक दिवस आधी मनाशी ठरवलं होतं. पण हळकुंडाची पाळी यायच्या आतच तिला गाढ झोप लागली.