"तेवढं धुऊन घे, मग येते"

त्या दिवशी माझी मुलगी पोटातच गेली. तेव्हा माझी माय दवाखान्याचं बाथरूम धूत होती.

गुलबर्ग्याचा एक खासगी दवाखाना. बाळंतिणींच्या वॉर्डात मी सकाळपासून डॉक्टरीणबाईंची वाट बघत पडले होते. त्यांचं दुसरीकडं ऑपरेशन होतं. नवऱ्याला रक्ताची बाटली आणायला पाठवलेलं. तोवर आम्ही सगळ्या एका सिस्टरच्या हवाली.

सुरुवातीला सिस्टर चांगली वागली. हे लिहायला हवं. मी हायस्कुलात शिकवते हे कळल्यावर तिनं पाठीमागं उशी दिली. वाकून पोटावर मशीन लावायची, बाळाचे ठोके ऐकवायची.

"घोडं पळायलंय बघा, मॅडम." असं म्हणून हसली. "गाव कोणतं तुमचं?"

मी सांगितलं. आळंद तालुक्यातलं, महाराष्ट्राच्या शिवेवरचं.

"अय्या, माझं माहेर की ते! कुणाच्या तुमी?"

मी उत्तर द्यायच्या आत माय गरम पाण्याची बाटली घेऊन दारात आली. तिनं सिस्टरला ओळखलं. चपला दाराबाहेर काढल्या. वॉर्डात बाकी सगळे चपला घालूनच फिरत होते. मायनं पदर डोक्यावर ओढला आणि ती कमरेत वाकली.

"अक्का, तुमी हितं व्हय?"

सिस्टरनं मायकडं बघितलं. मग माझ्याकडं. माझ्या पोटावरचं मशीन उचललं.

"काशे, ही तुझी लेक?"

सिस्टर माझ्या वयाची. माय तिच्या आईच्या वयाची. तरी काशे.

त्यानंतर ती मला मॅडम म्हणाली नाही. मला शिवलीही नाही. बीपीचा पट्टा तिनं मायच्या हातात दिला आणि लांबूनच म्हणाली, "तूच बांध तिला." शेजारच्या खाटेवरच्या बाईचा पट्टा तिनं स्वतः बांधला.

झाडणारी बाई त्या दिवशी आली नव्हती. पलीकडं कुणीतरी ओकलं.

"काशे, तेवढं काढ गं. कामून उभी राहिलीस? तुझ्या हाताला सवय हाय."

खाटांवरच्या बायका हसल्या. एकीची सासू म्हणाली, "बरं झालं बाई, नायतर नाक धरून बसावं लागलं असतं."

मी मायचा पदर धरला. म्हटलं, जाऊ नको. ती माझ्या कानाशी वाकली. "करते गं. तेवढंच तुझ्याकडं लक्ष देतील."

मायला मागायची दुसरी रीत ठाऊक नव्हती. सिस्टरच्या बापाच्या वाड्यावर तिनं जन्मभर हेच केलेलं. लग्न निघालं की न बोलावता जायचं. गोठा झाडायचा, अंगण सारवायचं, उष्टी काढायची. आधी काम करून ठेवायचं, मग दाराशी बसून मागायचं. लुगडं, जोंधळे, कधी पोराच्या तापाची गोळी. मला कॉलेजात घालताना माझ्या बापानं वाडेवाल्याच्या सही-शिक्क्यासाठी नेलेला दाखल्याचा कागदसुद्धा तिथल्या सरपणाचा ढीग फोडल्यावरच परत मिळाला होता. तिच्या हिशेबात दवाखानाही वाडाच होता. काम केलं की बघतील.

तिनं ओकारी काढली. मग फरशी पुसली. मग दुसऱ्या खाटेखालची भांडी धुतली. सिस्टर हाका मारत गेली, माय उठत गेली. कळा सोसत मी बघत राहिले.

मग बाळ हलायचं थांबलं.

मी कुशीवर वळले. पाणी प्याले. पोटावर हात ठेवून वाट बघितली. काही नाही.

"सिस्टर, बाळ हलत नाही."

"पहिलटकरणी अशाच बोंबलतेत. शाळा शिकवतीस म्हणं, एवढं कळंना तुला?"

"एकदा ठोके बघा."

ती गेली. माझ्या ओरडण्यावर माय बादली टाकून धावली. ओल्या हातांनी सिस्टरपुढं उभी राहिली.

"अक्का, लेकीला जरा बघा की."

"बाथरूम राहिलंय. तेवढं धुऊन घे, मग येते."

आणि माय गेली. पळत गेली. लवकर धुतलं तर सिस्टर लवकर येईल म्हणून. खराट्याचा आवाज मला ऐकू येत होता. माय घाई करत होती.

सिस्टर आली तेव्हा तिनं मशीन पोटावर एका जागी ठेवलं. मग दुसऱ्या. मग सगळीकडं फिरवलं. तिचा चेहरा बदलला, आणि तिनं डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

मुलगी होती. केस होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "असं होतं कधी कधी. वेळेत कळलं असतं तरी वाचली असती का, सांगता येत नाही." असेलही. ते मला कधीच कळणार नाही. हे न कळणं घेऊन जगायचं, हेही त्या वॉर्डानंच मला दिलं.

बाळंतपणाच्या खोलीतून मला खाटेवर परत आणून टाकलं. खाली फरशीवर रक्त सांडलेलं. माय भिंतीला टेकून बसली होती, तोंडात पदर कोंबून. सिस्टरनं ओलं फडकं तिच्यापुढं टाकलं.

"काशे, एवढं पुसून घे. राउंड यायलाय."

मायचा हात फडक्याकडं गेला. रडता रडता गेला. तो हात मी बघितला. माझ्या आत जे काही इतकी वर्षं पुस्तकं वाचून गप्प बसलेलं होतं, ते तेव्हा उठलं. मी खाटेवरून उतरले. मायचं मनगट धरलं.

"माय, ऊठ."

"पुसते गं. अक्का रागं भरतील."

"ऊठ."

मग मी सिस्टरला म्हटलं, "हे माझ्या लेकीचं रक्त आहे. माझी माय ते पुसणार नाही. तुमच्या हातानं पुसा. होत नसेल तर राहू द्या, राउंडला येणाऱ्यांना दिसू द्या."

"लई शिकलीस व्हय गं?"

"व्हय. शिकले."

मघा हसलेल्या बायकांनी भिंतीकडं तोंडं वळवली. फडकं तिथंच पडून राहिलं.

नवरा रक्ताची बाटली घेऊन पोचला तोवर सगळं संपलं होतं. मायच्या घरी आल्यावर मला दूध आलं. माय ते बघायची आणि एकच विचारायची, "मी धुवायला गेले नसते तर?" मी तिला खोटा धीर दिला नाही. म्हटलं, "तुला धाडलं कुणी, ते विचार."

पुढं वाड्यावर लग्न निघालं. निरोप आला, काशीला लावून द्या, गोठा झाडायचाय. निरोप ऐकताच माय सवयीनं उठली. मी दारात उभी राहिले. निरोप आणणाऱ्याला सांगितलं, "ती येणार नाही. आमच्या घरातून कुणीच येणार नाही. आजही नाही, पुढंही नाही." माय माझ्याकडं बघत राहिली. मग खाली बसली.

दवाखान्यात मी पुन्हा गेले. डॉक्टरीणबाईंना सगळं तोंडावर सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. सिस्टर अजून तिथंच आहे.

मला मूल नाही. माय आहे. आमच्या घरातलं माणूस आता कुणाच्या हाकेला उठत नाही.