भाजलेल्या मिठाच्या पुरचुंड्या

"म्हात्रे, तुमचं यंत्र वर आल्यापासून उलटं चालतंय," आमच्या प्रयोगाचे प्रमुख डॉक्टरसाहेब म्हणाले आणि वही माझ्यापुढे धरली.

पायथ्याशी, कल्याणला मोजलेल्या आकड्यापेक्षा डोंगरावरचा आकडा कमी! वाढायला हवा होता. अवकाशातले किरण, म्हणजे विश्वकिरण, हवेवर आदळतात, त्यातून न्यूट्रॉन नावाचे कण सुटतात. हवेचं जाड पांघरूण त्यांना वाटेत अडवतं. जितकं उंच जाल तितकं पांघरूण पातळ, तितके न्यूट्रॉन जास्त. एवढं तर आमच्या शिपायालाही पाठ झालेलं.

ही पन्नासच्या दशकातली गोष्ट. यंत्र हिमालयातल्या एका उंच केंद्रावर न्यायचं होतं. त्याची रंगीत तालीम आम्ही कल्याणजवळच्या डोंगरावर, पत्र्याच्या खोलीत चालवलेली. यंत्र म्हणजे मेणाच्या लाद्यांची मोठी पेटी, आत पितळी नळ्या. वेगवान न्यूट्रॉन मेणात धडका खात मंद होतो, कॅरमच्या सोंगटीचा जोर जातो तसा. मग नळीतला बोरॉनचा वायू त्याला पकडतो आणि काउंटर टक् करतो. त्या नळ्या मी भरलेल्या, ठाण्याच्या वर्कशॉपमध्ये, सहा महिने खपून. वायू विषारी, चार वेळा गळती झाली, तरी सोडलं नाही.

"नळ्या बाद दिसतात," साहेब म्हणाले. डोंबिवलीचा शांत माणूस. रागावले तरी आवाज चढायचा नाही, त्याचीच जास्त भीती. "परदेशी मागवतो. पत्र लिहून ठेवलंय. उद्या दुपारी खाली उतरलो की टपालपेटीत टाकतो."

"आणि मी, साहेब?"

"तुम्ही ठाण्यालाच थांबा. विकतच्या नळ्या सांभाळायला तिकडचा कोणीही चालेल."

झालं! मिठागरावरच्या माणसाचा पोरगा हिमालयात चाललाय, हे आई गावभर सांगून बसलेली.

नळ्या एकेक बाहेर काढल्या. न्यूट्रॉन सोडणारी छोटी कुपी आमच्याकडे होती. ती आणि सुटी मेणाची लादी घेऊन प्रत्येक नळी तपासली. एकूणएक ठणठणीत. वायरी ठीक, बॅटऱ्या ठीक. परत पेटीत बसवल्या, की आकडा घसरलाच. डोकं आपटून घ्यावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कमळूदादा दारात आला. आंबिवलीकडचा गडी, सामान वाहायला आणि स्वयंपाकाला घेतलेला.

"मास्तर, मीठ सरला. डालीन काय टाकू, माती?"

"यंत्राच्या पेटीत आहे बघ. घे चार पुरचुंड्या."

पुरचुंड्या माझ्याच. डोंगरावर धुकं फार. दमट हवेत वायरींच्या जोडांवरून वीज गळते आणि काउंटर भलतंच मोजतो. आमच्या घरात पाच पिढ्या मीठच. पावसाळ्यात आई लुगड्यांच्या ट्रंकेत भाजलेल्या खडामिठाच्या पुरचुंड्या ठेवायची. मीठ ओल ओढतं. मीही यंत्र वर आणल्यावर नळ्यांभोवतीच्या फटी तशाच पुरचुंड्यांनी ठासून भरलेल्या. साहेबांना विचारलं नव्हतं. यात विचारायचं काय?

तासाभराने आकडा पाहिला. वाढलेला. योगायोग असेल म्हणून आणखी चार पुरचुंड्या काढल्या, तासभर थांबलो. आणखी वाढला. परत घातल्या, घसरला. तेव्हा डोक्यात उजेड पडला. मिठात क्लोरीन असतो आणि मंद न्यूट्रॉन क्लोरीन गट्ट करतो. मेणातून आलेले न्यूट्रॉन नळीपर्यंत पोचतच नव्हते.

खरं सांगतो, क्षणभर वाटलं, सगळं मीठ गुपचूप काढावं आणि एक वायर सैल होती म्हणावं. नळ्या वाचल्या असत्या, मीही वाचलो असतो. पण मग धुक्याचं काय? हिमालयात कोणीतरी दुसरा शहाणा पुन्हा हेच करेल. साहेब निघायच्या तयारीत होते, बूट घालत होते. मी पुरचुंडी त्यांच्यासमोर ठेवली आणि सगळं सांगून टाकलं.

साहेबांनी पुरचुंडी सोडली. एक खडा जिभेवर ठेवला.

"वहीत का नाही लिहिलंत?"

"घरातली सवय, साहेब. मीठ काय लिहायचं?"

"दोन दिवस मी विश्वकिरणांवर संशय घेतोय, म्हात्रे!" एवढं बोलून ते असे हसले, की कमळूदादा चूल सोडून बघायला आला. साहेबांनी खिशातून परदेशी नळ्यांच्या पत्राचं पाकीट काढून त्याच्या हातात दिलं. "घे, चूल पेटवायला."

सगळं मीठ बाहेर आलं. जोडांवर आम्ही वितळलेलं मेण ओतलं, ओल बंद. दुपारपर्यंत आकडा कल्याणच्या वर गेला. डाळ मात्र खारट झालेली, दादाने चारही पुरचुंड्या ओतलेल्या. मी दोनदा वाढून घेतली.

माझ्या नळ्या हिमालयात गेल्या, बरोबर मीही. यंत्रात घातलेली वस्तू घरची असली तरी वहीत लिहायची, एवढं शिकलो. केंद्रावर पोचल्यावर साहेबांनी नवी वही उघडली आणि पेन माझ्या हातात दिलं. पहिल्या पानावरची पहिली ओळ माझ्या अक्षरात आहे: "पेटीत मीठ नाही."