साठ पत्रावळींचा वाघ

शंभरातल्या चाळीस पत्रावळी पुसून झाल्या होत्या. उरलेल्या साठ सुगंधाबाईंच्या डाव्या गुडघ्याशी रचून ठेवलेल्या. पळसाच्या, काड्यांनी टाचलेल्या, कडकडीत वाळलेल्या. उद्या गुरुवारी महिला भजन मंडळाचा महाप्रसाद, आणि पत्रावळींचा जिम्मा सुगंधाबाईंनी स्वतः हात वर करून घेतलेला. हात वर करायला त्या नेहमीच पुढे असतात. हात चालवायची वेळ आली की मग कंबर आठवते.

एकेचाळिसावी उचलली आणि आतल्या खोलीतून आवाज आला, धुम्म! पत्रावळ हातातून सुटली.

"काय व दिव्यानी! आताच देवाले आंघोळ घातली न मी. कायचा धिंगाणा लावून राह्यली?"

"वाघ आला आई," आतून लेकीचं उत्तर.

दिव्यानी इंजिनिअर झालेली, दोन वर्षं नोकरी शोधत असलेली. पुण्याच्या एका गेम कंपनीनं तिला परीक्षा घातली होती. जंगलातून चालत जायचा एक मुका गेम पाठवला होता, त्यात सगळे आवाज हिनं भरायचे आणि संध्याकाळी पाचच्या आत परत पाठवायचे. जमलं तर भद्रावतीत घरी बसून नोकरी. नाही जमलं तर सोमवारपासून बल्लारपूरला मामाच्या झेरॉक्सच्या दुकानात बसेन, असं तिनं बापाला, गुणवंतरावांना, कबूल करून टाकलं होतं. मामानं खुर्चीसुद्धा पुसून ठेवली होती.

सुगंधाबाईंना ही परीक्षाच समजत नव्हती. "गेम डोळ्यानं खेळतेत. त्याले आवाज कायले लागते?" असं त्यांनी कालच सुनावलं होतं. बोलण्यात अनुभवाचं वजन होतं. उजव्या हातात जपमाळ आणि डाव्या हातात मोबाईल घेऊन त्या रोज दुपारी फळं फोडायचा गेम खेळत, आवाज बंद करून. आवाज बंद असला की तो जपच धरला जातो, असा त्यांचा हिशेब. रोजच्या वहीत 'आज जप अकरा माळा' असं लिहितात; त्यातल्या किती माळांना केळी आणि द्राक्षं लागलेली असतात, ते वहीत येत नाही.

"आई, एकदा खेळून पाह्य न. फक्त पलीकडच्या झोपडीत पोचायचं आहे."

"आवाज बंद कर, मंग खेळते. देव अजून ओले आहेत."

आवाज बंद केला. सुगंधाबाई पदर खोचून लॅपटॉपपुढे बसल्या. वाघानं त्यांना खाल्लं. पुन्हा बसल्या, पुन्हा खाल्लं. कधी डावीकडून, कधी पाठीमागून. अकराव्या वेळी चष्मा काढून त्यांनी निकाल दिला, "गेमच खराब आहे. वाघ कोठून येते पत्ताच लागत नाई."

"कसा लागन? कान तर तूच बंद केले."

लेकीनं आईच्या कानावर हेडफोन चढवला. आणि गंमत झाली. कानात रातकिडे किरकिरले, दूर मोर ओरडला, उजवीकडे वानर हुपहुपलं. सुगंधाबाई क्षणभर भद्रावतीत राहिल्याच नाहीत. मूल गावाकडच्या जंगलाला लागून त्यांचं माहेर. लहानपणी मोहफुलं वेचायला बाप, लटारू, पुढे आणि ही मागे. बाप सांगायचा, "आधी कान जाऊ दे पोरी, मंग पाय." आणि आज अकरा वेळा पाय पुढे घालून, कान देवघरात ठेवून, लटारूच्या लेकीनं वाघाच्या तोंडात मान दिली होती. बाप असता तर त्यानं वाघाचीच बाजू घेतली असती.

तेवढ्यात कानात ढोल वाजले. धुम्म, धुम्म. वाघ आला.

हेडफोन गळ्यात. "वाघ काय डीजे लावून येते काय व?"

"मग भीती कशी वाटन?"

"अवो, वाघ येते तवा आवाज वाढत नाई, कमी होते. पयले वानर झाडावरून खकारते. हे तुह्यं वानर तर खुशीत हाय, पोट भरलं त्याचं. भ्यालेलं वानर असं ओरडते—" आणि एरवी आरतीत सगळ्यांच्या वर सूर लावणाऱ्या गळ्यातून सुगंधाबाईंनी असा काही खकार काढला, की दिव्यानी खुर्चीसकट मागे सरकली.

"पुन्हा, आई! पुन्हा! माइक लावते."

चौथ्या खकाराला शेजारच्या सीताबाई काठी घेऊन दारात. "सुगंधाबाई, वानर शिरलं काय घरात?"

"नाई बाप्पा, मीच हावो."

सीताबाईंनी एकदा त्यांच्याकडे, एकदा काठीकडे पाहिलं आणि काठी टेकत परत गेल्या. दिव्यानी खूश. "पास! सीतामावशी फसली म्हणजे कंपनीवाले काय चीज आहेत."

मग मायलेकींनी ढोल काढला. वानराचा खकार ज्या बाजूनं वाघ येणार त्या बाजूला ठेवला. त्यानंतर रातकिडे एकदम बंद. काहीच नाही. त्या 'काहीच नाही'मध्ये सुगंधाबाईंच्या हातावर काटा आला, आणि हा काटा आपणच लावलाय हेही त्या विसरल्या.

अडलं ते पावलांपाशी. वाळल्या पाल्यावरची पावलं पाहिजेत, आणि बाहेर भाद्रपद, अंगणापासून नाल्यापर्यंत सगळं हिरवं आणि ओलं. दिव्यानीनं वर्तमानपत्र चुरगळलं; ते वर्तमानपत्रासारखंच वाजलं. साडेतीन झाले. घरात वाळला पाला एकाच ठिकाणी होता. दोघींनी एकदमच तिकडे पाहिलं.

"नाई," सुगंधाबाई म्हणाल्या. "प्रसादाच्या आहेत त्या. पुसलेल्या आहेत."

"साठ नाई पुसल्या अजून."

वकिलाची लेक नव्हे, पण मुद्दा बरोबर होता. सुगंधाबाईंनी एक पत्रावळ कपाळाला लावली आणि हातानं चुरली. "हे पाय नाई वाटत आई, चिवडा खाल्ल्यासारखं वाटते." दुसरी चुरली. चिवडाच. शेवटी त्या उठल्या, मोरीत जाऊन पाय धुतले, पुसून कोरडे केले, देवघराकडे वळून म्हणाल्या, "लेकराच्या पोटासाठी हाय, मनावर घेऊ नको," आणि दहा पत्रावळी अंथरून त्यावर पाय टाकला.

चर्र... कर्र.

दिव्यानीनं डोळे मिटले. "हेच."

वाघाचं पाऊल हळू, माणसाचं भरभर, पळणाऱ्या माणसाचं त्याहून भरभर. पत्रावळीचा एकदा भुगा झाला की ती वाजत नाही, नवी घ्यावी लागते. छप्पन वर्षांच्या सुगंधाबाई पदर दातात धरून स्वयंपाकघरात वाघ झाल्या, माणूस झाल्या, पुन्हा वाघ झाल्या. साठही पत्रावळी गेल्या. पुसलेल्या चाळिसांना मात्र त्यांनी पायाचा वारा लागू दिला नाही. तेवढा धर्म राखला.

"आता माझी खंजिरी टाक," दम खात त्या म्हणाल्या. तीस वर्षं मंडळात खंजिरी वाजवतात. संगीताचं म्हणून जे काही या कामात होतं ते खंजिरीतच आहे याची त्यांना खात्री होती. झोपडीत पोचल्यावर विजयाची खंजिरी वाजावी असं ठरलं. दिव्यानीनं आईकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि टाकली.

मग सुगंधाबाई शेवटचं खेळल्या. डावीकडून खकार आला, त्या थांबल्या. रातकिडे गप्प झाले, त्या झुडपामागे बसल्या. कर्र... कर्र... पावलं पुढून निघून गेली. ती पावलं आपलीच, हे माहीत असूनही श्वास रोखलेला. झोपडी आली आणि खंजिरी कडाडली.

पाचला दहा कमी असताना काम गेलं. सुगंधाबाईंनी जपमाळ घेतली, आणि पहिल्यांदाच मोबाईलशिवाय.

दिवाबत्तीच्या वेळी पुण्याहून फोन आला. दिव्यानीनं स्पीकर लावला. पलीकडच्या बाईंना पावलं फार आवडली होती. एवढा खरा पाला कुठल्या जंगलात रेकॉर्ड केला, असं त्या विचारत होत्या. एक तारखेपासून कामाला लागा, म्हणाल्या. "फक्त शेवटी ते जे डबा पडल्यासारखं वाजतं ना, तेवढं काढून टाका."

फोन ठेवल्यावर दिव्यानी आईच्या गळ्यात पडली. गुणवंतराव दारात उभे राहून डोळे पुसता पुसता हसत होते. "डबा म्हणे! तीस वर्षांचा डबा, दिव्यानीची माय!"

"हसा. मामाले फोन करा पयले, खुर्ची उचल म्हणा," सुगंधाबाई म्हणाल्या. त्यांनी देवापुढे साखर ठेवली, नोकरीचे आभार मानले, खंजिरीबद्दल देवाचं मत विचारलं नाही. मग केरसुणी घेऊन त्यांनी वाघाचा भुगा सुपात भरला आणि कोपऱ्यातल्या चाळीस पत्रावळींकडे त्यांचं लक्ष गेलं. उद्या जेवायला बाया शंभर.

त्यांनी पायात चपला घातल्या, खुंटीवरची मोठी पिशवी काढली आणि बसस्टँडजवळच्या लहानूच्या दुकानातून साठ पत्रावळी आणायला निघाल्या.