मॉनिटरची वरात

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मधेच हसलात तर मी सांगायचं थांबवीन, चहा अर्धा राहिला तरी चालेल!

दसऱ्याचा दुसरा दिवस. आमची सून केतकी इमारतींचे नकाशे काढते. नात झाली आणि चार वर्षं घरात अडकली. आता कुठे एका कंपनीनं मुलाखत ठेवली होती, घरूनच, कॉम्प्युटरवर, दुपारी बाराला. साहेब सांगतील तसा नकाशा त्यांच्यादेखत काढून दाखवायचा. पोरगी आठ दिवस धड जेवली नव्हती हो.

सकाळी नऊला तिनं कॉम्प्युटर चालू केला. सीपीयूचा पंखा फिरला, दिवा लागला आणि काळ्या पडद्यावर दोनच शब्द आले, 'नो सिग्नल'.

"बाबा, हे बघा ना काय झालंय!"

आता मी म्हणजे कोण? एकतीस वर्षं कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्स! बदलापूरच्या कुळगावात आमच्या सोसायटीत कुणाचा मिक्सर बसला की आधी मला हाक मारतात. म्हटलं, "तू साडी नेस. दहा मिनिटांचं काम आहे."

वायर काढली, फुंकर मारली, परत लावली. नो सिग्नल. वायर बदलली. नो सिग्नल. मग सीपीयू उघडला, रॅम काढून नातीच्या खोडरबरानं घासली. आत ही धूळ!

"काय गं हे? साफ नाही का करत कधी?"

"बाबा, गेल्याच महिन्यात केला होता."

"तुम्हा मुलांचं साफ म्हणजे वरवर," मी ऐकवलं.

साडेनऊला मी निकाल दिला. मॉनिटर गेला! बदलापुरातली दुकानं दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी लवकर कसली उघडतायत? उल्हासनगरचा एक ओळखीचा सिंधी दुकानदार मात्र नऊलाच शटर वर करतो. मॉनिटर चादरीत गुंडाळला, स्कूटर काढली, मागे सुलभा, आमची सौ., मांडीवर मॉनिटर घेऊन. पूजेचा झेंडूचा हार तसाच त्याच्या गळ्यात, चादरीबाहेर लोंबणारा.

"अहो, हार तरी काढू द्या!"

"वेळ नाहीये!"

अंबरनाथला शिवमंदिराच्या वळणावर एका गृहस्थानं चपला काढून आम्हाला नमस्कार केला. विसर्जनाला उशीर झालेली देवी वाटली असणार. सुलभानंही आशीर्वादाचा हात वर केला, दुसरं काय करणार?

दुकानदारानं मॉनिटर आपल्या मशीनला जोडला. लख्ख चित्र आलं.

"साईं, मॉनिटर तो चकाचक है. गडबड पेटी में है. पेटी लाया?"

"पेटी ठीक आहे. पंखा फिरतो ना!"

"पंखा फिरने से क्या होता है अंकल? घर पे फोन लगाओ, बोलो पेटी को ठीक से देखो."

केतकीला फोन लावला. ती टेबलाखाली वाकली असावी, कारण आवाज घुमल्यासारखा आला. मग पेटी ओढल्याचा आवाज. मग अगदी हळू, "बाबा... हा माझा सीपीयू नाहीये."

आता एक गोष्ट मी तुमच्यापासून आत्तापर्यंत लपवली, ती सांगतो. दसऱ्याच्या पूजेला पाने, पकडी, शिलाई मशीन, कॉम्प्युटर, सगळं पाटावर मीच मांडलं होतं. माळ्यावरचा जुना, मेलेला, नुसता पंखा फिरणारा सीपीयूही खाली आणला होता. म्हटलं, दहा वर्षं राबलाय, एक फूल त्यालाही. दोन्ही काळे, दोन्हींवर माझ्याच हातचं कुंकवाचं स्वस्तिक. पूजेतल्या वस्तूंना त्या दिवशी कामाला लावायचं नाही, म्हणून संध्याकाळी उचलून ठेवल्यावर कुणी चालू करून पाहिलंच नाही. चांगला सीपीयू मी जुन्या चादरीत बांधून माळ्यावर टाकला होता आणि मेलेला टेबलाखाली!

"मी काढते माळ्यावरचा," केतकी म्हणाली, "पण बाबा, मॉनिटर?"

मॉनिटर! तो आमच्याबरोबर उल्हासनगरात, आणि घड्याळात अकरा! चार वर्षांनी पोरीचं दार किलकिलं झालं होतं आणि ते मीच लावून घेतलं होतं.

येताना स्कूटर कशी हाकली ते विचारू नका. सुलभा सगळा रस्ता रामरक्षा म्हणत होती, त्यावरून ओळखा. बाराला सात कमी असताना घरात शिरलो. केतकी शिडीवरची धूळ साडीला माखून उभी. तिनं मॉनिटर माझ्या हातातून घेतला. वायर जोडली आणि पडदा उजळला.

नोकरी मिळाली तिला, आधीच सांगतो, उगाच तुमचा जीव टांगणीला नको. पण मुलाखत संपताना, मी दाराआड उभा असताना, साहेबांनी विचारलं, "घरून काम करताना सिस्टीम बिघडली तर? घरात कुणी टेक्निकल आहे का?"

"आहेत ना सर, माझे सासरे," केतकी म्हणाली.

माझी छाती फुगली. तेवढ्यात ती पुढे म्हणाली, "पण तुम्ही काळजी करू नका, मी त्यांना हात लावू देणार नाही."