अमावास्येला पास होणारं कार्ड

तीन-चार माणसं दिवसभर यंत्राला कान लावून बसली की काम होवो न होवो, किस्से मात्र साठतात. बेळगावच्या वडगावात, आप्पांच्या यंत्रमागांच्या वरच्या मजल्यावर आमची लॅब आहे. आम्ही कार्ड रीडर बनवतो, आणि कार्ड-रीडर एकमेकांशी काय बोलतात ते मध्ये एक डबी जोडून ऐकतो. दोघांचं बिनसलं तर चूक कुणाची ते कळायला नको?

आप्पांना हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हंजे दाराआड उभं ऱ्हाऊन ऐकायचं. त्याला डिग्री कशाला लागती गं?"

मी सोडलं नाही. एक कार्ड अक्षर-अक्षर बोलतं, दुसरं गठ्ठा बांधून पाठवतं, तिसऱ्याला तर स्पर्शही लागत नाही. नुसतं जवळ गेलं की सुरू!

"तिसरं आमच्या घरात हाय," आप्पा म्हणाले, आणि त्यांची बायको, आक्का, आसपास नाहीत ना ते बघून घेतलं.

रीडरमध्ये घातलं की कार्ड आपण कुठल्या पद्धतीनं बोलणार ते आधी सांगतं. आमचे सीनियर बसूअण्णा एकदा ते न बघताच ऐकायला बसले. सकाळभर स्क्रीनवर नुसता कचरा. कार्ड खराब आहे असा मेलही पुण्याच्या हेड ऑफिसला टाकून मोकळे झाले. मी सेटिंग बदललं आणि कार्ड घडाघडा बोलायला लागलं. चहाला वर आलेले आप्पा हे सगळं बघत होते.

"बेळगावात जल्मून समोरचा कन्नड बोलतोय का मराठी ते आधी ऐकायचं कळंना व्हय रं, बसू?"

तीच डबी घेऊन अण्णा कोल्हापूरला निघाले. कोगनोळीला राज्याच्या सीमेवरच्या नाक्यावर पोलिसानं बॅग उघडायला लावली. वायरी, अँटेना, लुकलुकणारे दिवे. अण्णा घाबरून खरं बोलून गेले, "ऐकायचं मशीन हाय, सर."

"मग मी सांगतोय ते ऐक. गाडी बाजूला घे."

दुपारचा डबा अण्णांनी नाक्यावरच खाल्ला.

मग नवा रीडर आला आणि आमचं हसू पळालं. खाली माग लागले की आमचं टेबल हलायचं, कार्डाचा संपर्क सुटायचा आणि टेस्ट फेल. आप्पा अमावास्येला माग लावत नाहीत, त्याच दिवशी तेवढी पास. पुण्याच्या साहेबांनी फोन केला, "सगळे पास रिझल्ट अमावास्येचेच कसे? लिंबू-मिरची लावता का? मी स्वतः येऊन बघतो. फेल झालं तर लॅब पुण्याला हलवू."

अण्णांची आई अंथरुणाला खिळलेली. पुण्याला जाणं त्यांना शक्यच नव्हतं. ते म्हणाले, "सर, अमावास्येलाच या की."

एम.टेक. झालेले साहेब म्हणाले, "अमावास्येला मी प्रवास करत नाही."

ते अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी आले. खाली माग दणदणत होते. अण्णा कार्ड हातात धरून बसलेले, तोंडचं पाणी पळालेलं. मला त्यांच्याकडे बघवेना. जिन्यावर साहेबांचे बूट वाजले आणि खालचा एकेक माग थांबत गेला. टेस्ट पहिल्या झटक्यात पास झाली.

जाताना साहेबांना आप्पा ओट्यावर बसलेले दिसले. "आज माग बंद?"

"अमावास्या हाय न्हवं."

"ती तर काल झाली."

"ती पंचांगातली, सर. ही वडगावातली."