काकांचा सा
हार्मोनियमच्या भात्याचा जुनाट वास आला की गंगाखेडला माझ्याकडे गाणं शिकायला येणारे एसटीचे निवृत्त कंडक्टर आठवतात. होणाऱ्या नातवंडाच्या बारशाला स्वतः पाळणा म्हणायचा, एवढीच त्यांची इच्छा होती. भरदुपारी, तापलेल्या पत्र्याखाली, घाम पुसत दोन महिने आम्ही नुसता सा लावत बसलो, आणि त्यांचा सा काही माझ्या सुराला मिळेना. कधी वर फाटायचा, कधी खाली घसरायचा. नात झाली, बारसं चार दिवसांवर आलं, तेव्हा मी वैतागून भाता लावून टाकला. मी म्हणाले, "काका, तुम्हाला सूर नाहीच. पाळणा दुसऱ्या कुणाला म्हणू द्या." ते उठले, दारापर्यंत गेले आणि वळून शांतपणे म्हणाले, "बाई, तुमी लय वरून गायलाव. एकदा माझ्या आवाजाला धरून वाजवून तर बघा." मी रागारागानेच भाता उघडला आणि एकेक स्वर खाली येत गेले. चौथ्या स्वराला त्यांचा सा सरळ, भरदार लागला आणि जागचा हलला नाही. बारशाला त्यांनी अख्खा पाळणा म्हटला. मी मात्र दोन महिने त्यांना माझ्या बायकी पट्टीत रेटत होते आणि वर त्यांनाच बेसूर म्हणत होते, याचा वैताग मला आजही येतो.